डावा घास

"आजी, परत तेल लावलंत?"

वरदाच्या हातात ती टोपी होती. पोहायला जाणारे घालतात तसली, फक्त हिला जागोजागी भोकं आणि भोकाभोकातून निघालेल्या वायरी. आनंदीबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवला होता. म्हणजे डाव्या हाताने उचलून ठेवला होता.

"एवढासा लावलंय गो. नुसत्या बोटान."

"एवढंसंही चालत नाही. तेल असलं की मशीनला तुमच्या डोक्यातलं काही ऐकूच येत नाही. मागच्या वेळीही सांगितलं होतं."

"सांगितलंस खरा. पण सुके केस घेऊन बाहेर पडला की लोकांक वाटता, हिच्या घरात कोणतरी गेला."

वरदा हसली आणि त्यांना कोपऱ्यातल्या बेसिनपाशी घेऊन गेली. कोमट पाणी, शाम्पू, मग टॉवेल. आनंदीबाईंनी डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर विसर-बिसर काही पडला नव्हता. तेल लावून गेलं की ही मुलगी न कुरकुरता डोकं धुऊन देते, हे त्यांना पहिल्याच खेपेला कळलं होतं. झटका आल्यापासून त्यांच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. माणूस एकटा पडला की अशा बारीकसारीक लबाड्या शिकतो.

परळच्या एका इस्पितळाच्या मागच्या इमारतीत हा प्रयोग चालू होता. अर्धांगवायूने ज्यांचा हात गेला अशी माणसं त्यात घेतली होती. काम ऐकायला सोपं. समोर पडद्यावर दोन हात दिसत. उजवीकडे बाण उमटला की उजवा हात हलवायचा, डावीकडे उमटला की डावा. पण हलवायचा मनातल्या मनात. खरा हात जागचा हलता कामा नये. टोपीने डोक्यातलं बरोबर टिपलं तर पडद्यावरच्या त्या हाताची मूठ मिटे. नाही टिपलं तर भलताच हात हले, नाहीतर दोन्ही ढिम्म.

"हातापर्यंत जाणारा रस्ता खचलाय," वरदाने पहिल्या दिवशी समजावलं होतं, "पण 'हल' हा हुकूम डोक्यातून अजून सुटतो. तो पुन्हा पुन्हा सोडत राहिलं तर रस्ता कदाचित थोडा मोकळा होईल. कदाचित, बरं का आजी. आणि हात डोळ्यांसमोर बघायचा नाही, आतून हलवायचा. रोजच्या सवयीचं एखादं काम घ्या."

वरदा पुण्याची. तिचं बोलणं इस्त्री केलेलं, पण मुलगी गोड होती. आनंदीबाईंना काम शोधावं लागलं नाही. जन्मभर त्यांनी एकच काम केलं होतं. त्यांनी मनातल्या मनात वाढायला घेतलं.

लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत पूर्वी खानावळ होती. मालवण, कुडाळ, देवगडकडची माणसं, बायकापोरं गावाला ठेवून गिरणीत राबणारी, पाळी सुटली की जेवायला येत. भिंतीला पाठ लावून दोन रांगा बसत. दगडू भातावर भात घेई. महादेव सोमवारी आमटीच्या वाटीकडेसुद्धा संशयाने बघे, कालची कोलंबी हिच्यात पोहून तर गेली नाही ना. गणपत "पुरे वयनी" म्हणत ताटावर हात आडवा धरी आणि बोटं मात्र फाकवून ठेवी, म्हणजे भात खाली पडायला वाट राही. या सगळ्यांना आनंदीबाईंचा उजवा हात ओळखीचा होता. कुणाला किती, हे तो हात न विचारता जाणत असे.

मग संप झाला. मंडळी म्हणाली, शिमगा करून येतो गावाला, तोवर मिटेल. शिमगा झाला, गणपती झाले, दुसरा शिमगा आला. आनंदीबाई बरेच दिवस भात पहिल्याच मापाने लावत राहिल्या. अचानक कुणी आलं तर उपाशी कसं ठेवायचं? उरलेला भात चाळीतली पोरं खात. पुढे नवराही गेला. मुलगी सुभद्रा लग्न होऊन डोंबिवलीला गेली. त्या जेवणाऱ्यांपैकी एक रघुवीर तेवढा राहिला, कारण त्याला गावाला वाट बघणारं कुणी नव्हतं. त्याने भायखळ्याच्या बाजारात ओझी वाहिली, पुढे एका बिल्डिंगच्या लिफ्टवर बसला आणि म्हातारा होऊन शेजारच्या खोलीत एकटा राहू लागला. जेवायला मात्र भिंतीला पाठ लावून आनंदीबाईंकडेच. एका पानाची खानावळ. झटका येईपर्यंत ती चालू होती.

झटक्यानंतर त्यांनी त्याला सांगून टाकलं, "आता बंद. तुझा तू बघ."

रघुवीरला वाटलं, रांधता येत नाही म्हणून. काही दिवसांनी तो दारात येऊन उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "वयनी, मी रांधतंय. एकाच कुकरात दोघांचो भात लावया. हयसरच बसान खावया."

"माका नको."

"कित्याक?"

"नको म्हटला ना!" आणि दार लागलं. जरा जोरातच लागलं.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. आनंदीबाई डाव्या हाताने जेवत होत्या. उजवा हात लोंबत असताना दुसरं करणार तरी काय? पण ज्या बाईने उभ्या हयातीत डाव्या हाताने पळीसुद्धा उचलली नाही, तिने डाव्याने घास घ्यायचा, आणि तोही कुणाच्या देखत? चमचा घ्या असं इस्पितळात कुणीतरी सुचवलं होतं. चमचा काय आणि बोटं काय, डावा तो डावाच. सुभद्रा लहानपणी डावखुरी होती. तिचा डावा हात ताटाकडे गेला की आनंदीबाई त्यावर चापटी मारत. मारून मारून तिला उजवी केली होती. आता सुभद्रा फोनवर म्हणायची, "आई, चार दिवस ये ना राहायला," आणि आनंदीबाई पोट बिघडल्याचं सांगायच्या. त्या मुलीसमोर ताटावर कुठल्या तोंडाने बसणार?

म्हणून दार लावून, खिडकीची फळी ओढून त्या जेवत. भिंतीपलीकडे रघुवीरच्या ताटात भांडं लागल्याचा आवाज येई. दोन माणसं, मध्ये एक विटेची भिंत, आणि दोन्हीकडे एकेक पान. या उजव्या हाताने घास उचलावा, मग दार उघडून हाक मारू, एवढंच त्यांचं मागणं होतं. चालायला, बोलायला त्यांना येऊ लागलं होतं. बाकी काही नको होतं.

पण मशीनला त्यांचं काही कळत नव्हतं. गुण निम्म्यावर अडले होते.

"निम्मे म्हणजे वाईट नाय ना?" त्यांनी विचारलं.

वरदाने ओठ चावला. "निम्मे म्हणजे मशीन अंदाजपंचे दाहोदरसे सांगतंय, आजी. नाणं उडवलं तरी निम्मं बरोबर येतंच. काही माणसांचं या मशीनशी जुळतच नाही. त्यात त्यांची चूक नसते. पण येत्या आठवड्यात आकडा हलला नाही तर... सरांचा नियम आहे, जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागते."

टोपी पुन्हा डोक्यावर चढली, भोकाभोकात गार चिकट मलम भरलं गेलं. पडद्यावर बाण उमटू लागले. उजवा बाण: दगडूच्या ताटात भात. उजवा बाण: महादेवला आमटी. डावा बाण. डावा बाण. उजवा.

वरदा बराच वेळ आपल्या पडद्याकडे बघत राहिली, मग तिने मशीन थांबवलं.

"आजी, उजवीकडचं छान येतंय. पण डावा बाण आला तरी उजवाच दिसतोय. तुम्ही डाव्या बाणाला मनात करता तरी काय?"

"वाढतंय."

"डाव्या हाताने?"

"गो बाई!" आनंदीबाई दचकल्याच. "डाव्या हातान कोण वाढता काय? डावो बाण इलो की उजव्याक सांगतंय, 'थांब, आता वाढू नको.'"

वरदाला हसू फुटलं, आणि मग हसल्याबद्दल तिने आनंदीबाईंचा खांदा धरला. "अहो, उजव्याला थांब म्हटलं की मशीनला उजव्याचाच गलबला ऐकू येतो. डाव्याला त्याचं स्वतःचं काम द्या. त्याच्या सवयीचं. डावा हात काय करायचा तुमचा?"

आनंदीबाई विचार करू लागल्या. डाव्या हाताने टोप कमरेवर धरला होता, पण तो नुसता धरला होता. धरणं म्हणजे काही हालचाल नव्हे. पदर सावरला असेल. बाकी उभा जन्म तो उजव्याच्या मागे मागे, गरिबाघरच्या पाव्हण्यासारखा.

"आणि आता?" वरदाने विचारलं. "आता रोज काय करतो?"

आनंदीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. तिकडे एका जुन्या गिरणीची चिमणी दिसत होती, बाजूला क्रेन. मग त्या म्हणाल्या, "जेवता."

"काय?"

"त्याच हातान जेवतंय मी. दार लावून. कोणाक सांगू नको." एवढं बोलून त्यांनी मान फिरवली. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायलाही डावाच हात उचलावा लागला, त्याचा त्यांना राग आला.

वरदाने काही समजूत घातली नाही. ती म्हणाली, "मग तेच घ्या, आजी. डावा बाण आला की घास घ्या. मी तर बघू शकत नाही ना तुमच्या मनातलं. मशीनला पण जेवण दिसत नाही, नुसता हात कळतो."

पहिले काही बाण आनंदीबाईंनी तसेच जाऊ दिले. मनातसुद्धा लाज वाटत होती. मग एका डाव्या बाणाला त्यांनी भात कालवला. बोटं आत मिटली, अंगठ्याने भात पुढे सरकला, हात वर आला. पडद्यावरच्या डाव्या हाताची मूठ पटकन मिटून उघडली. त्या चमकल्या. पुढच्या उजव्या बाणाला त्यांनी गणपतच्या फाकलेल्या बोटांवर भात सोडला. पडद्यावरचा उजवा हात मिटला.

"आजी!" वरदा खुर्चीतून उठलीच.

त्या दिवसापासून गुण चढत गेले. साठ, सत्तर, मग त्याच्याही वर. सर येऊन बघून गेले, शेजारच्या खोलीत मशीनवर बसणारी दुसरी मुलगी बघून गेली. आनंदीबाई उजव्या बाणाला सगळ्या गिरणगावाला वाढत होत्या आणि डाव्या बाणाला एकट्या जेवत होत्या. मनातल्या त्या खोलीत दोन्ही एकाच वेळी चालायचं, हे मात्र चमत्कारिक होतं. दगडू, महादेव, गणपत रांगेत बसलेले, आणि त्यांच्यासमोर त्या खुशाल डाव्याने घास घेतायत. त्यांच्यापैकी कुणी मान वर करून बघत नव्हतं. बघणार कसे? यातले कितीजण आता जिवंत होते, कुणास ठाऊक. आनंदीबाईंना ती माणसं हाताशी आल्यासारखी वाटायची आणि टोपी काढली की खोलीत वरदा आणि मशीनचा पंखा तेवढा उरायचा. घरी जायला जिना उतरताना त्यांना भयंकर एकटं वाटे. तरी त्या दुसऱ्या दिवसाची वाट बघत.

याच सुमाराला चाळीच्या सेक्रेटरीची बायको कौसल्या दारात आली. चाळीची सत्यनारायणाची पूजा जवळ आली होती.

"काकी, गेल्या वर्षी तुम्ही आलाच नाय. ते काय चालणार नाय यंदा हां. पंगतीला बसायचंच. खाली पटांगणात पट्ट्या टाकतोय, मस्त मसालेभात-बिसालेभात."

एरवी आनंदीबाईंनी पोटाचं कारण काढलं असतं. पण सकाळीच नव्वदीच्या जवळ गुण पडले होते, वरदाने टाळी दिली होती.

"येतंय," त्या तोऱ्यात म्हणाल्या. "येतलंय तर! हात बरो होताहा माझो. डॉक्टर म्हणतत, एवढे मार्क कोणाकच पडाक नाय."

कौसल्येने ते सगळ्या मजल्यांवर सांगितलं. रघुवीरच्या कानावरही गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी गॅलरीत तो थांबला आणि म्हणाला, "बरा झाला, वयनी." बस, एवढंच. आनंदीबाईंना त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण पंगत होऊ दे, मग सांगू, असं म्हणून त्या आत गेल्या.

पूजेच्या आदल्या दिवशी वरदाने शेवटच्या वेळी टोपी काढली. प्रयोग संपला होता. मशीन खोक्यात भरून दुसऱ्या गावच्या केंद्रात जायचं होतं. वरदाने कोमट पाण्यात टॉवेल पिळून केसांतलं मलम पुसलं, नेहमीपेक्षा जरा सावकाश पुसलं.

"आमच्या सगळ्या पेशंटमध्ये तुमचा आकडा सगळ्यात वर आहे, आजी."

"ता कळला गो. पण माझो हात?"

वरदा समोर येऊन बसली. तिने उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अंगठा थोडा हलायला लागलाय. तो हलतोय, मी मोजलंय. पण घास उचलण्याइतकी पकड... ती या प्रयोगातून येईल असं मी म्हणू शकत नाही. पडद्यावरचा हात मशीन हलवतं, आजी. तुमचं डोकं त्याला छान सांगतंय. पण खाली हातापर्यंत ते पोचतंच असं नाही. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी..."

"कदाचित म्हटलंलंस," आनंदीबाई म्हणाल्या. "आठवता माका."

खोटं बोलून आशा लावली असती तर निदान रागवता आलं असतं. या मुलीवर रागवायलाही जागा नव्हती. जाताना त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. डावाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या धुवट लुगडं नेसून खाली उतरल्या. न जाण्याचं मनात दहा वेळा आलं. पण शब्द दिला होता, आणि तोही मिरवून दिला होता. आता पोट बिघडलं म्हटलं असतं तर कुणीच विश्वास ठेवला नसता. पटांगणात लांबलचक पट्ट्या अंथरल्या होत्या. रांगेचं शेवटचं पान भिंतीजवळ होतं. तिथे त्या भिंतीला धरून बसल्या. शेजारच्या पानावर रघुवीर येऊन बसला.

वाढप झालं. श्लोक झाला. सगळ्यांचे हात पत्रावळीवर गेले. आनंदीबाईंनी डाव्या हाताने उजवा उचलून मसालेभातावर ठेवला. भात गरम होता. तेवढं मात्र नीट कळलं. त्यांनी डोळे मिटले. मनात बाण आणला. दगडूला आणलं, महादेवला आणलं. वाढ, वाढ, वाढ. डोक्यातून हुकूम सुटत होता, त्यांना तो सुटताना कळत होता. अंगठा भातात किंचित रुतला. पाच-सहा शितं वर आली आणि पत्रावळीवरच पडली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा केला. समोरच्या रांगेतली एक बाई आपल्या पोराला "तिकडे काय बघतोस, जेव," असं दबक्या आवाजात म्हणाली.

आनंदीबाईंनी उजवा हात उचलला, पदराने पुसला आणि मांडीवर ठेवला. मग सगळ्यांच्या देखत डावा हात भातात घातला.

घास तोंडात गेला, पण तो मिठासारखा खारट लागला. कौसल्या वाढता वाढता थबकली आणि नजर चुकवून पुढे गेली. तेच फार लागलं. आनंदीबाई सावकाश जेवत होत्या; डाव्या हाताला घाई जमत नव्हती. शेवटच्या माणसाचं होईतो पंगत उठत नाही, ही रीत गिरणगावात पोरालाही ठाऊक. पण आता कुणाला वेळ असतो? एकाचा मोबाइल वाजला, तो उठला. त्याच्या मागे चौघं उठली. मग रांगच मोडली. पाहता पाहता पट्ट्या रिकाम्या झाल्या, मंडळाची पोरं पत्रावळी गोळा करू लागली. आनंदीबाईंचा अजून निम्मा भात शिल्लक होता. त्या खाली बघून जेवत राहिल्या. उठावं, टाकून द्यावं, असं त्यांना वाटत होतं. पण पानात टाकलेलं अन्न त्यांनी जन्मात कुणाचं खपवून घेतलं नव्हतं, आपलं कसं घेणार?

"मामा, उठा ना," मंडळातला एक जण रघुवीरला म्हणाला. "दुसरी पंगत खोळंबलीय."

"जेवतंय मी," रघुवीर म्हणाला.

त्या पोराने रघुवीरच्या पत्रावळीकडे पाहिलं. पत्रावळ चाटूनपुसून साफ होती. कोपऱ्यात मिठाची चिमूट होती, तेवढीच. "अहो, काय जेवताय? काही वाढू का?"

"काय नको. जेवतंय अजून."

तो गडी खांदे उडवून निघून गेला. रघुवीरचा उजवा हात पत्रावळीवर तसाच होता. बोटांवरचा भात वाळून कडक झाला होता. तो आनंदीबाईंकडे बघत नव्हता, समोरच्या मोकळ्या पट्टीकडे बघत होता.

"ऊठ रे तू," त्या हळूच म्हणाल्या. "माका येळ लागतलो."

"तुमी जेवा, वयनी. माका खंय जावचा आसा?"

आनंदीबाईंनी डाव्या हाताने भात कालवला आणि पुढचा घास घेतला.